धावण्याचे आव्हान यादीतल्या शेवटच्या नावावरून आखावे

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका गटाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गटात १४ जण आहेत. त्यांत शिक्षक, दुकानदार, दोन शेतकरी आणि तीन गृहिणी आहेत. गेल्या वर्षी त्यांनी जून ते ऑक्टोबर अशा पाच महिन्यांसाठी 'कोण जास्त किलोमीटर धावतो' असे आव्हान मैत्रीत ठरवले. जूनमध्ये सगळे धावले, जुलैअखेर सहा जण उरले आणि गणपतीनंतर तिघे. दोघांच्या नडग्या दुखावल्या आणि अंतर मोजणाऱ्या घड्याळातल्या आकड्यांवरून एकदा शब्दाला शब्द वाढला. यंदा हेच पुन्हा करायचे असेल, तर सर्वांचा उत्साह टिकावा म्हणून आखणी कशी करावी, आणि ज्यांच्याकडे घड्याळ नाही त्यांचे अंतर कसे धरावे?

मी शारीरिक शिक्षणाचा निवृत्त शिक्षक असून बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या गटाची वही गेली ११ वर्षे माझ्याकडे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. खानापूरकरहो, आपले आव्हान यादीत सर्वांत वर असणाऱ्यांच्या सोयीचे होते, आणि ते लोक आव्हान नसते तरी धावलेच असते. ज्याचे नाव बाराव्या किंवा तेराव्या क्रमांकावर आहे, त्याला पुढच्या मंगळवारी पहाटे पावसात अंथरुणातून उठावेसे वाटेल का, या एका प्रश्नावर प्रत्येक नियम घासून पाहावा. ज्या नियमाचे उत्तर 'नाही' येते, तो कितीही न्याय्य वाटला तरी काढून टाकावा.

हे शहाणपण मला पहिल्या वर्षीच्या चुकीतून आले. त्या वर्षी सर्वांत जास्त किलोमीटर करणाऱ्याला मी एक चषक ठेवला होता. शेवटच्या आठवड्यात पहिल्या दोघांत नऊ किलोमीटरचा फरक उरला, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरच्या चाळिशीतल्या गृहस्थांनी शनिवार-रविवार मिळून ४६ किलोमीटर धावून काढले. त्याआधीच्या दोन महिन्यांत त्यांची संपूर्ण आठवड्याची बेरीज एकदाही ३० च्या वर गेली नव्हती. चषक त्यांना मिळाला, आणि पंधरा दिवसांनी नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार पडणाऱ्या ताणाने बारीक चीर, झाल्याचे निदानही मिळाले. पुढे दहा आठवडे धावणे बंद. त्याच यादीच्या तळाला एक काकू होत्या. त्या मंगळवार-शुक्रवार येऊन व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत दोन-दोन किलोमीटर धावून जात. त्यांचे येणे थांबले, हे तीन आठवडे कोणाच्याही लक्षात आले नाही. शहापूरच्या बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "वहीत माझं नाव कायम खालीच की हो, सर. बघून बघून लाज वाटायला लागली." हाड मोडणाऱ्याला चषक आणि नियमाने येणाऱ्या बाईला लाज, अशी ती वही मीच आखली होती.

सोबतीने माणूस अधिक जोर लावतो, हे धावणाऱ्यांना कोणी सांगावे लागत नाही. नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये सायकलस्वारांच्या नोंदींवरून हेच दाखवले होते. मात्र सोबतीचे पुढचे दोन गुणधर्म आव्हान आखताना फारसे कोणी लक्षात घेत नाही. फ्रान्समधले कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून त्यांचे बळ मोजले. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत गट जसजसा मोठा झाला तसतसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला, आणि आठ जणांनी मिळून ओढताना तो एकट्याने ओढण्याच्या जवळजवळ निम्म्यावर आला. काही घट एकाच वेळी हिसका न बसल्यामुळे होती. पण आपण थोडे सैल सोडले तरी कळणार कोणाला, हा भागही त्यात होताच. याउलट ऑटो कोहलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनच्या नौकानयन मंडळातल्या खेळाडूंना जोडीने वजन उचलायला लावले. एकाने हात टेकले की दुसऱ्यालाही थांबावे लागेल अशी ती रचना होती, आणि तिथे दुबळा जोडीदार एकट्याने टिकला असता त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. दोघांच्या ताकदीत फरक माफक असेल तेव्हा हा परिणाम सर्वांत ठळक दिसला. फार तफावत असली की दुबळा आधीच आशा सोडतो.

आपल्या १४ जणांचा एकच गट म्हणजे रिंगेलमान यांचा दोर आहे. त्याचे चार, चार, तीन आणि तीन असे चार चमू करावेत. चमूत साधारण एका वेगाची आणि शक्यतो एका गल्लीतली माणसे असावीत. चौघांत एक जण आला नाही, तर उरलेल्या तिघांना तो चौकात वळण्याआधीच कळते. आमच्याकडे न येणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टोमणा मारण्यास मनाई आहे. चमूतल्या एकाने त्याच दिवशी संध्याकाळी फोन करायचा आणि "काय रे, आज दिसला नाहीस की" एवढेच विचारायचे. कारण विचारायचे नाही. गटावर सर्वांसमक्ष झालेली थट्टा आणि हा फोन यांत किती अंतर आहे, हे ज्याने दोन्ही अनुभवले आहे त्यालाच ठाऊक. पहाटेच्या अंधारात एकटीने निघायला नको म्हणून ज्या भगिनी येत नाहीत, त्यांचाही प्रश्न या लहान चमूंमुळे बऱ्याच अंशी सुटतो.

आता मोजायचे काय, ते पाहू. हा भाग मी जरा सविस्तर मांडतो, कारण भांडणे इथेच होतात आणि दुखापतीही इथेच जन्म घेतात. आव्हान सुरू होण्याआधी चार आठवडे प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या धावण्याची नोंद ठेवावी. त्याची आठवड्याची सरासरी हा त्या माणसाचा पाया. कोणाचा पाया ६ किलोमीटर असेल, कोणाचा ४५. दर आठवड्याला प्रत्येकाला १० गुण मिळवता येतात. त्यांतले सहा हजेरीचे: आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला किमान २० मिनिटे धावणे किंवा धावणे-चालणे, प्रत्येक दिवसाचे दोन गुण. उरलेले चार गुण पाया पूर्ण केल्याचे, आणि पाया अपुरा राहिला तर त्याच प्रमाणात कमी, म्हणजे अर्धा झाला तर दोन. पायाच्या वर कितीही धावले तरी गुण वाढत नाहीत. या हिशोबाने ६ किलोमीटरच्या पायाच्या काकू तीन दिवसांत ६ किलोमीटर धावल्या की त्यांना पूर्ण १० गुण मिळतात. ४५ च्या पायाचा तरणा गडी दोनच दिवस येऊन ३० किलोमीटर धावला, तर त्याला हजेरीचे चार आणि अंतराचे २.७ असे ६.७ गुण. ही रीत सुरू केली त्या वर्षी आमच्या तरण्या गड्यांनी यावर बराच गिल्ला केला. पुढे वहीत काकूंचे १० गुण पाहिल्यावर तो शमला. चमूंची संख्या सारखी नसल्याने गुणांची बेरीज न लावता सरासरी लावावी, नाहीतर तिघांचा चमू पहिल्याच दिवशी हरतो.

पाया दर चार आठवड्यांनी नव्याने ठरवावा आणि एका वेळी एक दशांशापेक्षा जास्त वाढवू नये. दहा टक्क्यांचा हा नियम दगडावरची रेघ नव्हे, तो अनुभवाचा अंदाज आहे. पण त्यामागचे कारण पक्के आहे. दम लवकर वाढतो. तीन-चार आठवड्यांत जिना चढताना फरक कळतो. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा आणि प्रत्यक्ष हाड मात्र फार सावकाश बळकट होतात. ताण वाढला की शरीर हाडाचा जुना भाग आधी खरवडून काढते आणि नंतर तिथे नवा भरते. खरवडण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याला मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा थोडे कमकुवत असते, आणि नेमक्या त्याच काळात दम वाढल्यामुळे माणसाला आपण काहीही करू शकतो असे वाटत असते. आपल्या दोघांच्या नडग्यांचे दुखणे कधी सुरू झाले ते आठवून पाहावे. पहिल्या पंधरवड्यात नसावे, पाचव्या-सहाव्या आठवड्यात असावे असा माझा कयास आहे. नडगीच्या कडेने लांबवर पसरलेली, धावायला लागल्यावर थोडी ओसरणारी ठणक असेल, तर अंतर निम्मे करून पाहता येते. बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, आणि धावताना ती वाढत असेल, तर त्याच दिवशी थांबून हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. दुखापतीमुळे थांबलेल्याचे आठवडे सरासरीतून वगळावेत. तसे केले नाही, तर चमूचे गुण बुडू नयेत म्हणून तो लंगडत धावेल. सोबतीच्या भिडेत हा धोकाही आहे, आणि तो नियम करणाऱ्यानेच ओळखायला हवा.

मग जास्त धावणाऱ्यांच्या किलोमीटरांचे काय? ते वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही सर्वांची एक सामायिक बेरीज ठेवतो आणि ती नकाशावर पुढे सरकवतो. त्यातही माणशी मर्यादा आहे: पायाच्या वर पाचवा हिस्सा, त्यापुढचे किलोमीटर नकाशावर चढत नाहीत. बेळगावापासून मुंबई आणि बेंगळुरू ही दोन्ही शहरे साधारण ५०० किलोमीटरवर आहेत, त्यामुळे आधी कोणत्या दिशेला निघायचे यावर आमच्या गटात जो वाद झाला तो वाचकांना सांगायला नको. गटात कन्नड बोलणारे चौघे आहेत. शेवटी पंढरपूरला जाऊन परत यायचे ठरले, आणि विठोबावर कोणाचा आक्षेप नव्हता. आपल्या गटाची बेरीज आठवड्याला २०० किलोमीटर धरली, तर ५०० किलोमीटर अडीच आठवड्यांत होतात. म्हणजे एका पावसाळ्यात सगळ्यांची समजूत काढण्याइतकी शहरे होतील.

पाच महिने हा अवधी मात्र फार लांब आहे. सहा-सहा आठवड्यांचे दोन किंवा तीन टप्पे करावेत आणि मध्ये एक आठवडा वही बंद ठेवावी. तारखा ठरवताना कॅलेंडरबरोबर शेतही पाहावे. आपल्या तालुक्यात भाताच्या रोपलावणीच्या दिवसांत शेतकऱ्याने पहाटे धावायला यावे ही अपेक्षाच चुकीची आहे; दिवसभर चिखलात वाकून तो जे करतो ते आपल्या पाच किलोमीटरांपेक्षा जड आहे. प्रत्येकाने टप्प्याच्या आरंभी एक सुट्टीचा आठवडा आधीच जाहीर करावा आणि तो सरासरीत धरू नये. गणपतीचे दिवस तर सर्वांसाठीच वगळावेत. रात्रभर मंडपात जागलेल्या माणसाकडून पहाटेच्या धावण्याची हजेरी घेणारा नियम टिकत नाही, आणि एकदा मोडलेला नियम पुढे कोणी पाळत नाही. गणपतीनंतर आपल्याकडे तिघेच उरले त्याचे कारण बहुधा आळस नव्हे. दहा दिवसांच्या खाड्याने वहीत पडलेले अंतर भरून निघणार नाही असे दिसले, आणि माणसे परतलीच नाहीत. सीमाभागात आणखी एक अडचण असते: दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की चिकोडी, निपाणी, संकेश्वरकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते, आणि दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे दिवा असेलच अशी खात्री नसते. शेवटचा टप्पा त्याआधी संपवावा.

पावसाबद्दल खानापूरच्या लोकांना मी काय सांगावे? कणकुंबी-जांबोटीचा पाऊस बेळगावच्या पावसाला हसतो. तरीही अनुभवाच्या दोन-तीन गोष्टी नोंदवतो. मुसळधार पावसापेक्षा शेवाळलेली सिमेंटची फरशी जास्त माणसे पाडते. जुलैनंतर डांबरावर किंवा मुरमावर धावावे. विजा चमकत असतील तर त्या दिवशी हजेरी घरातल्या २० मिनिटांच्या व्यायामावर द्यावी, आणि असा दिवस कोणता हे ठरवण्याचा अधिकार आधीच एका व्यक्तीला द्यावा, म्हणजे पहाटे पाच वाजता चर्चा होत नाही. बुटांचे दोन जोड असणे ही चैन नाही. भिजलेला जोड घरी आल्याबरोबर आतले सोल काढून वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी ठासून भरावा, तासाभराने बोळे बदलावेत आणि रात्री तो फ्रिजच्या मागे किंवा चुलीपासून हातभर लांब ठेवावा. निखाऱ्याजवळ ठेवलेल्या बुटाचा तळ सुटतो. जोड ओला आहे हे कारण पावसाळ्यात इतर सर्व कारणांपेक्षा जास्त वेळा ऐकू येते, आणि ते खरे असते.

बक्षिसाविषयी मी आता फार सावध झालो आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढल्याबद्दल प्रमाणपत्र मिळेल असे ज्या चित्रकलेची आवड असलेल्या मुलांना आधी सांगितले होते, ती पुढे मोकळ्या वेळेत चित्रांत इतरांपेक्षा कमी रमली. मोठी माणसे काही फार वेगळी नसतात. पैशांची पैज तर मुळीच नको. आमच्याकडे टप्पा संपला की सर्वांनी मिळून कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) खायचा, आणि गुणांत शेवटच्या आलेल्या चमूने पुढच्या रविवारचा मार्ग ठरवायचा. एका वर्षी शेवटच्या चमूने मुद्दाम येळ्ळूरचा राजहंसगड निवडला आणि नेहमी पुढे असणाऱ्या सगळ्यांना चढावर चालायला लावले. त्या रविवारची आठवण अजून निघते. चषक कोणाच्या घरी आहे, हे मलाही आठवत नाही.

वही ही खरीखुरी, कागदाची असावी असा माझा आग्रह आहे. मोबाइलमधल्या तक्त्यात क्रमवारी आपोआप लागते, आणि आपल्याला तीच नको आहे. आमची शंभर पानी वही नंदिनी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून चहाच्या टपरीवर ठेवलेली असते. धावून आल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या हाताने आकडा लिहायचा, ओल्या बोटांनी लिहिलेले काही आकडे फुटलेलेही असतात. नावे वर्णानुक्रमाने आहेत, त्यामुळे वर-खाली असा भागच राहत नाही. आकडा अर्ध्या किलोमीटरला खाली आणायचा: ५.३ धावले तर ५, ५.८ धावले तर ५.५. दाट झाडीत दोन घड्याळे एकाच वाटेवर पाच किलोमीटरमागे शे-दीडशे मीटरचा फरक सहज दाखवतात. खाली आणण्याच्या या एका रीतीने ते सर्व वाद संपतात आणि घड्याळाचे फोटो मागण्याची गरज उरत नाही. मित्रावर विश्वास नसेल, तर आव्हान मैत्रीचे म्हणू नये.

आता ज्यांच्याकडे घड्याळ नाही त्यांच्याविषयी. आपल्या नेहमीच्या वाटेवर एक किलोमीटरचा तुकडा सायकलने मोजून घ्यावा. जगभरातल्या अधिकृत शर्यतींचे मार्गही सायकलच्या चाकाच्या फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रानेच मोजतात, तेव्हा ही रीत गावठी आहे असे कोणी म्हणू नये. चाकात हवा घट्ट भरावी, टायरवर खडूची एक खूण करावी, आणि स्वतः सायकलवर बसून ती खूण जमिनीला टेकल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचे अंतर दहा फेऱ्यांवर मोजून त्याला दहाने भागावे. माणूस बसला की टायर दबतो आणि घेर थोडा कमी होतो, म्हणून रिकाम्या सायकलवर मोजू नये. घेर २.१० मीटर आला, तर ४७६ फेऱ्यांचा एक किलोमीटर होतो. आरीला रंगीत दोरा बांधला की फेऱ्या मोजणे सोपे जाते. एकाने सायकल चालवावी, दुसऱ्याने मागून मोजावे, आणि शंभर-शंभरांवर थांबून आकडा मोठ्याने सांगावा. अधिकृत मोजणीत मार्ग कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. आपणही अर्धी फेरी जास्त घ्यावी. आम्ही पहिल्यांदा खुणा चुन्याने केल्या होत्या. त्या मृगाच्या दुसऱ्याच पावसात धुऊन गेल्या, तेव्हापासून खुणेसाठी विजेचे खांब निवडतो आणि खांबांचे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो.